आचाऱ्यांचे आचार्य झाले तेव्हा

कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडला की ‘मराठी’च्या जागी ई, जे, के, बी, एच अशी इंग्रजी अक्षरं दिसतात. आमच्या अंबाजोगाईतल्या डीटीपीच्या दुकानांत अशा जुन्या फायली ढिगाने पडल्यात. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसेल अशा अक्षरांत, आणणारा छोटा प्रोग्राम मी नोकरी सांभाळून, रात्री बसून लिहायला घेतला. फुकट, आणि कोड सगळ्यांना खुला.

दीड वर्ष तो कुणाला दिलाच नाही. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये बरोबर उलटं. ते बसवलं, मग कोड आवडेना म्हणून पुन्हा लिहिला, मग परत. कुणी विचारलं की मी वाईनचं नाव पुढे करायचो. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं ते सॉफ्टवेअर १९९३ ला सुरू झालं आणि त्याची १.०, म्हणजे पहिली पक्की आवृत्ती, २००८ ला आली! एक मित्र म्हणाला, “१.० उशिरा आली रे. लोक तर आधीपासूनच वापरत होते.” गप्प बसलो.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. जो तो अख्खी वर्डची फाइल, तक्त्यांसकट, बदलून मागायचा. ते तीन आठवड्यांत उरकलं, वर ‘१.०’ असा आकडा चिकटवला आणि व्हॉट्सॲपवर लिंक फिरवली. डाउनलोड वाढायला लागले. मी रोज सकाळी दात घासायच्या आधी आकडा बघायचो, खोटं कशाला सांगू.

महिन्याभराने बसस्टँडजवळच्या डीटीपीवाल्या काकांनी बोलावून घेतलं. काउंटरवर सप्ताहाची पत्रिका होती. शेवटच्या दिवशी महाप्रसाद करणाऱ्या आचाऱ्यांचा सत्कार होता, आणि छापलं होतं ‘आचार्यांचा सत्कार’. पाचशे प्रती.

“आचारी खूश हाय बघ,” काका म्हणाले, “पण मंडळवाले पैसे देईना गेलेत. काय करू म्हणतोस?”

‘र्य’ आणि ‘ऱ्य’ मराठीत वेगळे, दर्या आणि दऱ्या यांच्याइतके वेगळे. युनिकोडमध्ये दुसऱ्यासाठी नुक्त्याचा ऱ वापरावा लागतो. माझा प्रोग्राम सरसकट रफार देत होता. पण खरी चूक त्याहून मोठी होती. मजकूर वेडावाकडा दिसला असता तर काकांनी तपासला असता. तो स्वच्छ दिसला म्हणून थेट छापायला गेला.

पुन्हा २००८ च आठवलं. त्या जानेवारीत लिनक्सवरच्या केडीई या डेस्कटॉपचं ४.० आलं, तेव्हा ते बनवणारेच सांगत होते की हे अजून रोजच्या वापराचं नाही. लोकांनी ४.० हा आकडा वाचला, घेतलं आणि मग बोंब मारली. माझ्या १.० नेही तेच केलं होतं.

वर्डच्या फायलींची सोय मी ‘कच्ची’ नावाच्या वेगळ्या आवृत्तीत हलवली. पक्कीत फक्त साधा मजकूर. जिथे प्रोग्रामला खात्री नाही तिथे अंदाज ठोकायचा नाही, शब्द पिवळा करून सोडायचा. आणि कुणी चुकीचा शब्द कळवला की तो चाचणीच्या फाइलमध्ये जातो. तिथले सगळे शब्द बरोबर उमटल्याशिवाय नवी आवृत्ती निघत नाही. त्या फाइलची पहिली ओळ ‘आचाऱ्यांचा सत्कार’ अशी आहे.

डाउनलोड निम्म्यावर आले. पहिले दोन महिने जीव खालीवर झाला. मग परळी, केजकडचे ऑपरेटर फोन करून ‘ते पिवळं करणारं’ मागायला लागले. प्रोग्रामला मी दिलेलं नाव अजून कुणाच्या तोंडी नाही.

काकांनाही पिवळं आवडतं. “तेवढंच वाचतो, काम संपलं,” म्हणतात. काका, सगळं वाचत जा, असं मी दर वेळी सांगतो. ते मान डोलावतात आणि विचारतात, “तक्त्याचं कधी करायलास?”