सगळ्या गावाचा एकच मोबाईल नंबर

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीवर मी छोटंसं सॉफ्टवेअर करून दिलेलं, शेतकऱ्याचं नाव, पोती, वजन, पट्टी आणि मोबाईल नंबर, बस एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळीच दिवाणजींचा फोन, "काय ओ, सगळ्या गावाचा एकच मोबाईल झालाय का?" गेलो तर खरंच, तासगाव घ्या नाहीतर कवठेमहांकाळ घ्या, प्रत्येकापुढं २१४७४८३६४७. फक्त पुण्याच्या एका व्यापाऱ्याचा लँडलाईन तेवढा बरोबर.

चूक माझीच. नंबरचा कॉलम इंट, म्हणजे साध्या पूर्णांकाचा ठेवलेला. त्यात ३२ बिट, म्हणजे शून्य किंवा एक लिहायच्या ३२ जागा, एक अधिक-उणेसाठी गेला की उरले ३१, म्हणजे मोठ्यात मोठा आकडा २ चा ३१ वा घात वजा १, तोच हा २१४७४८३६४७. आपले मोबाईल ६ ते ९ नं सुरू होतात त्यामुळे सगळेच याच्या वर, आणि तो जुना डेटाबेस तक्रार न करता गुपचूप तोच मोठ्यात मोठा आकडा भरून मोकळा. कॉलम बदलायला पाच मिनिटं, डायरीतनं नंबर परत टाकायला अख्खा दिवस.

दिवसभर तोच आकडा बघून रात्री डोक्यातनं जाईना, शोधलं तर ही चक्क मूळ संख्या! ऑयलर या गणितज्ञानं १७७२ मध्ये सिद्ध केलेलं, नजर जवळपास गेलेली असताना. पुढची निदान पाऊणशे वर्षं याच्यापेक्षा मोठी मूळ संख्या कुणाला माहीत नव्हती.

संख्या मूळ आहे का बघायला तिच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. हिचं वर्गमूळ ४६३४० च्या पुढं जातं, तिथपर्यंतच्या मूळ संख्या साधारण ४८००, सगळ्यांनी भागत बसायचं म्हणजे मेलोच. पण गंमत बघा, २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, ती मूळ नाही, २३ गुणिले ८९. आता २३ म्हणजे २२ अधिक १, आणि ८९ म्हणजे ८८ अधिक १, दोन्हीकडं ११ च्या दुपटीचा पाढा! हे असंच जमून आलेलं नाही, घात मूळ असला की भागणारी मूळ संख्या याच साच्यातली लागते. ३१ ला ६२ चा पाढा अधिक १. वर अजून एक चाळण, ८ नं भागून बाकी १ किंवा ७ च हवी. उरतात ऐंशीच्या आसपास.

मग मीपण बसलो, पट्टीच्या पाठकोऱ्या कागदावर. ६३, १२५, १८७, २४९ मूळच नाहीत, पहिली खरी ३११. भागलं, बाकी ३५. पुढच्या दोन-तीन केल्या आणि झोपलो, ऑयलरला हात जोडून.

सकाळी दिवाणजींनी विचारलं, पुण्याचा तेवढा कसा वाचला? म्हटलं पुण्याचा कोड ०२०, पुढचं शून्य गळलं की नंबर २०२ वगैरेनं सुरू, तो २१४ च्या आत बसतो. आपला ०२३३, तो बाहेर.

"म्हणजे इथंपण पुणेवालेच आत," म्हणाले, आणि पोती मोजायला गेले.