आई-बाबांना घेऊन अलास्का: सात रात्री आणि जहाजाचे नियम

सगळ्यात आधी कॅनडाचा व्हिसा. ही गोष्ट शेवटी लिहिली तर वाचायची राहून जाते, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते. अमेरिकेत सिएटलला अलास्काच्या क्रूझवर चढायला गेलो, तेव्हा पिअर ९१ या धक्क्यावर आमच्या पुढे एक भारतीय कुटुंब उभं होतं. मुलगा-सून इथले, आई-वडील भारतातून आलेले, पासपोर्टवर अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा. काउंटरवरच्या बाईंनी दोन्ही पासपोर्ट पुन्हा पुन्हा चाळले आणि कॅनडाचा व्हिसा कुठे आहे म्हणून विचारलं. मुलगा म्हणाला, "आम्ही अलास्काला चाललोय, अलास्का अमेरिकेतच आहे ना!" अर्ध्या तासाने चौघंही बॅगा ओढत परत फिरले. त्या आजींचा चेहरा आमची आई पुढचे दोन दिवस विसरली नाही.

कारण असं की अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशात नोंदलेल्या प्रवासी जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माणसं नेऊन सोडता येत नाहीत. सिएटलहून निघून सिएटललाच परतायचं असेल, तर वाटेत एका तरी परदेशी बंदराला लागावं लागतं. मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळी बहामा, पनामा, बर्म्युडा अशा ठिकाणी नोंदलेली असतात. आमच्या जहाजाच्या मागच्या बाजूलाही 'नासाऊ', म्हणजे बहामाच्या राजधानीचं नाव रंगवलेलं होतं. म्हणून शेवटच्या संध्याकाळी जहाज कॅनडातल्या व्हिक्टोरियाला तीन-चार तास थांबतं. २०२१ मध्ये करोनामुळे कॅनडाची बंदरं बंद होती, तेव्हा अलास्काचा हंगाम वाचवायला अमेरिकेच्या काँग्रेसला खास तात्पुरता कायदा करावा लागला होता, इतकी ही अट पक्की.

तेव्हा भारतीय पासपोर्ट असेल आणि ग्रीन कार्ड नसेल, तर पाहुणे म्हणून आलेले आई-वडील असोत, एच-१बीवाले असोत की विद्यार्थी, कॅनडाचा व्हिसा काढूनच या. "आम्ही व्हिक्टोरियाला खाली उतरणारच नाही" असं त्या मुलानेही सांगून पाहिलं, ते चाललं नाही. ग्रीन कार्ड असेल तर व्हिसा लागत नाही, पण कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही हातात हवेत. आई-बाबांचा व्हिसा आम्ही ते अलिबागला असतानाच काढला. माणशी १०० कॅनेडियन डॉलर आणि वर बायोमेट्रिक्सचे ८५. इथे आल्यावर करू म्हणाल, तर पासपोर्ट पाठवण्या-आणण्यातच त्यांची सुट्टी सरेल.

आम्ही पाच जण होतो: मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि आई-बाबा. जूनचा पहिला आठवडा. वाटेत केचिकन, जुनो, स्कॅगवे, ग्लेशियर बे आणि व्हिक्टोरिया. आई-बाबांना गॅलरीची खोली घेतली, आम्ही तिघं आतल्या बिनखिडकीच्या. पुन्हा गेले तरी असंच करीन. आम्ही दिवसभर डेकवर असायचो. बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना खुर्चीत बसून डोंगर बघायला मिळाले. जूनमध्ये तिथे रात्री दहानंतरही उजेड असतो, तेव्हा झोपताना पडदे नीट ओढून घ्या.

पहिल्याच दिवशी बाबांची इलेक्ट्रिक किटली गेली. सामान स्कॅन होताना ती अडकली, एक चिठ्ठी मिळाली, आणि किटली उतरायच्या दिवशी परत मिळेल असं कळलं. इस्त्री, किटली, छोटा राइस कुकर, काही ठिकाणी साधा एक्स्टेंशन बोर्डसुद्धा खोलीत चालत नाही. बाबा रागावले. पण समुद्रात आग लागली तर पळायला जागा नसते, बंबही येत नाही. हा नियम मला पूर्ण पटला. आईच्या डब्यातले घरचे लाडूही ठेवून घेतले. दुकानातली सीलबंद भडंग, चकली आणि लोणच्याची बाटली मात्र सोडली. जहाजावरचं फळ किंवा सँडविच घेऊन बंदरावर उतरायचं नाही, हेही मुलांना आधीच सांगून ठेवा.

निघण्याआधी सुरक्षेची कवायत असते. हल्ली बऱ्याच जहाजांवर फोनवर व्हिडिओ बघायचा आणि मग आपल्या ठरलेल्या जागी जाऊन हजेरी लावायची असते. आजूबाजूला लोक कुरकुरत होते, सुट्टीवर आलोय की शाळेत! मला त्यांना थांबवून सांगावंसं वाटत होतं. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटलं आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची तोवर कवायतच झालेली नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि कवायत निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी घ्यायची असं ठरलं. लेकीला घेऊन मी जिना मोजत आमच्या जागेपर्यंत दोनदा गेले. तुम्हीही जा, लिफ्टने नको, जिन्यानेच.

हात धुण्यावरूनही अशीच कुरकुर ऐकली. जेवणाच्या दालनाच्या दारात बेसिन आणि तिथे उभा असलेला कर्मचारी प्रत्येकाला अडवून साबणाने हात धुवायला लावतो. उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस जहाजावर झपाट्याने पसरतो आणि त्याच्यावर सॅनिटायझर पुरत नाही, साबण-पाणीच लागतं. अमेरिकेची सीडीसी ही संस्था जहाजांची स्वच्छता तपासून १०० पैकी गुण देते, ८५ किंवा त्याहून कमी म्हणजे नापास, आणि हे गुण कुणालाही बघता येतात. जहाज ठरवण्याआधी ते बघा. मी बुफेपेक्षा टेबलावरच्या जेवणाला जास्त वेळा गेले. तिथल्या मुख्य वाढप्याला आदल्या रात्री सांगितलं की दुसऱ्या दिवशी वरण-भात आणि एखादी मसालेदार भाजी मिळते. गुरुवारी आई सामिष खात नाही, तेही त्यांनी लक्षात ठेवलं. बाकीच्या दिवशी तिने साल्मन खाल्ला आणि निकाल दिला, "रावसाच्या जवळचा, पण रावस नव्हे."

आता केचिकन. हे गाव आम्हाला दिसलं ते फक्त गॅलरीतून. सकाळी जहाज वेग कमी करून खाडीच्या तोंडाशी रेंगाळलं, पाऊस आडवा मारत होता. तासाभराने कॅप्टनचा आवाज आला: वारा धक्क्याला लागण्याच्या मर्यादेपलीकडे आहे, आपण केचिकनला थांबणार नाही. पंधरा मिनिटांत स्वागतकक्षासमोर रांग लागली. टेक्सासचे एक गृहस्थ टेबलावर हात आपटत होते. त्यांनी नातवंडांसाठी तिथली विमानसफर घेतली होती. नागपूरचं एक कुटुंब भेटलं होतं, ते काका म्हणाले, "पैसे घेतले सगळ्या बंदरांचे, मग एक कमी झालं तर भाड्यातून वजा करा की!" रांगेजवळच कॉफी पीत बसलेल्या कॅनडाच्या एक निवृत्त शिक्षिका अकराव्या क्रूझवर होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, कॅप्टन नाही म्हणतो त्या दिवशी मी त्याचे आभार मानते.

करारात काय असतं ते मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. हवामान किंवा सुरक्षेसाठी कॅप्टन कुठलंही बंदर गाळू शकतो, आणि आपल्याला परत मिळतो तो फक्त त्या बंदराचा कर, तोही जहाजावरच्या आपल्या खात्यावर. जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पैसे आपोआप परत येतात. बाहेरून सहल घेतली असेल, तर घेतानाच "जहाज लागलं नाही तर पूर्ण परतावा" हे लेखी मागून घ्या. आमची टोटेम खांब, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचे कोरीव लाकडी खांब, दाखवणारी सहल एका स्थानिक माणसाकडून होती. त्याने त्याच दिवशी न मागता पैसे परत केले.

आईला हा सगळा गोंधळ कळेना. तिचं माहेर रेवदंड्याचं. "पावसाळ्यात मांडव्याची लाँच बंद होते तेव्हा कोण गेटवेवर जाऊन भांडतं का? दर्या नाही म्हणाला की नाही." नारळी पौर्णिमेला नारळ सोडेपर्यंत होड्या वर ओढून ठेवणाऱ्या गावातली ती. कॅप्टनच्या निर्णयाबद्दल मी तिच्याच बाजूची आहे. तक्रार आहे ती त्यानंतरच्या तीन तासांची. लोक विचारत होते आणि स्वागतकक्षातल्या मुलामुलींना वरून काहीही सांगितलेलं नव्हतं. शिव्या खात ती उभी राहिली. निर्णय घेणाऱ्यांपैकी एखादा वरिष्ठ खाली येऊन पाच मिनिटं बोलला असता, तर त्या पोरांवर ही वेळ आली नसती. तुमच्यावर असा प्रसंग आला तर कृपा करून त्यांच्यावर ओरडू नका.

जुनो अलास्काची राजधानी, पण बाहेरच्या जगातून तिथे रस्ता जात नाही. बोटीने या नाहीतर विमानाने. लोकवस्ती साधारण ३२ हजार आणि एका हंगामात क्रूझचे १६ लाखांहून जास्त प्रवासी. तिथल्या बसवाल्या बाईंनी सांगितलं की गावकऱ्यांनी बोलणी करून २०२४ पासून दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा घालून घेतली आहे, आणि तरी उन्हाळ्यात त्यांना स्वतःच्या गावातला रस्ता ओलांडवत नाही. आपण नियमांवर मतं देतो तेव्हा गावाचंही एक मत असतं, हे मला तिथे जाणवलं. मेंडनहॉल हिमनदी गावापासून वीसेक किलोमीटरवर आहे. आम्ही आई-बाबांसाठी थेट नेणारी बस घेतली, कारण शहर बस अलीकडेच सोडते आणि पुढे बरंच चालावं लागतं. देवमासे बघायला बाबा नवऱ्याबरोबर गेले आणि परत आल्यावर बराच वेळ काही बोललेच नाहीत, नुसते हसत होते.

वेळेचं मात्र सांभाळा. अलास्काचं घड्याळ सिएटलच्या एक तास मागे आहे. जहाज कुठल्या वेळेने चालतंय ते रोज विचारून घ्या, फोनवर विसंबू नका. सुटण्याच्या अर्धा तास आधी सगळ्यांनी आत असावं लागतं. सहल जहाजाची असेल तर उशीर झाला तरी थांबतात, स्वतःची असेल तर थांबत नाहीत. आम्ही दोन तासांची मोकळीक ठेवली होती.

स्कॅगवेची रेल्वे सोन्याच्या शोधात आलेल्यांसाठी १८९८ ते १९०० मध्ये बांधली. तीन फुटी नॅरोगेज, माथेरानच्या गाडीपेक्षा फूटभर रुंद. बाबांनी सगळी वाट खिडकी सोडली नाही.

ग्लेशियर बेसाठी मात्र जहाज निवडतानाच बघा, कारण सगळी जहाजं तिथे जात नाहीत. दिवसाला फक्त दोन मोठ्या जहाजांना परवानगी असते. सकाळी राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर छोट्या होडीतून येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हरची माणसं आली, तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच, बर्फाची भिंत समुद्रापर्यंत होती. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्युअर आले, तोवर बर्फ चाळीसहून अधिक मैल मागे हटला होता. आमच्या जहाजावर त्या दिवशी डेकवरचं संगीत बंद होतं. मार्जरी हिमनदीसमोर जहाज सावकाश गोल फिरतं, त्यामुळे डावी बाजू की उजवी यावर भांडू नका. दूर एक कडा सुटला, पाण्यात पडला, आणि आवाज नंतर आला, ढगांच्या गडगडाटासारखा. लेकीने आजीचा हात घट्ट धरला होता. टोपी, हातमोजे, दुर्बीण आणि वारा अडवणारं जॅकेट, हे सगळं या एका दिवसासाठी न्यायचं.

टिपेबद्दल जहाजावर सगळ्यात जास्त वाद ऐकले. माणशी दिवसाला १६ ते २० डॉलर आपोआप कापले जातात, लहान मुलांचेही. आमचे पाच जणांचे जवळजवळ सहाशे झाले. काही प्रवासी स्वागतकक्षात जाऊन ते काढून टाकतात. आमची खोली आवरणारा मुलगा मडगावजवळचा निघाला. गोव्यात जहाजावर कामाला जाणाऱ्याला तारवटी म्हणतात, त्याचे वडीलही तारवटी होते. नऊ महिन्यांचा करार, आठवड्याची सुट्टी नाही. आईने त्याला लोणच्याची उरलेली बाटली दिली, तेव्हा तो दारातच थांबला. त्याने सांगितलं की कापलेली टिप धुलाईघर, स्वयंपाकघर सगळ्यांत वाटली जाते, आणि कुणी काढून घेतली की तेवढा वाटा घटतो. माझं मत स्पष्ट आहे: ही रक्कम कंपनीने भाड्यातच धरावी आणि पगार म्हणून द्यावी. ती तसं करत नाही तोवर मी ती काढणार नाही, तुम्हीही काढू नका. तिकिटाची किंमत बघताना मनात आधीच मिळवून टाका.

परतीच्या वाटेवर बाबांचा खोकला वाढला, धाप लागायला लागली, म्हणून जहाजाच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर उत्तम, बिल साडेचारशे डॉलर. त्यांच्यासाठी घेतलेला विमा अमेरिकेच्या जमिनीपुरताच निघाला, ते बिल आम्हीच भरलं. विमा घेण्याआधी जहाजाचा दवाखाना, कॅनडा आणि हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च धरला आहे का, ते लेखी विचारा. यात चूक आमची, आणि ती महागात पडू शकली असती.

व्हिक्टोरियाला जहाज रात्री आठला लागलं. बाबा खोलीत झोपले, नवरा त्यांच्याजवळ थांबला. आई, लेक आणि मी बंदराच्या काठाने विधानभवनाचे दिवे बघत चाललो. परत चढताना आईने कॅनडाच्या व्हिसाचं पान एकदा उघडून बघितलं आणि विचारलं, "त्या आजींना पुढच्या वर्षी तरी मिळेल ना गं?"