शालेय गणिताची उजळणी: बीजगणित आटोपलं, त्रिकोणमिती घोडबंदर रोडवर

वर्गसमीकरणं आटोपली. अवयव, पूर्ण वर्ग, सूत्र, यांवर हात लवकर बसतो. घोळ होतो तो मुळं गळण्यात, नाहीतर नको ती शिरण्यात. क्ष² = ५क्ष मध्ये दोन्ही बाजूंना क्षने भागलं की ० हे मूळ गेलंच. उलट √(क्ष + ६) = क्ष चा वर्ग केला की ३ आणि −२ मिळतात; −२ दिलेल्या समीकरणात घातलं तर डावीकडे २ येतात, उजवीकडे −२. म्हणजे ते बाद.

त्रिकोणमितीत नित्यसमानता सिद्ध करत बसण्यापेक्षा उंची-अंतराची गणितं रस्त्यावर केलेली बरी. ठाण्याच्या घोडबंदर रोडला टॉवरना तोटा नाही, पण गेटच्या आत कोण सोडतंय? म्हणून पायथ्याचं अंतर न मोजता दोन ठिकाणांहून उन्नत कोन (वर बघताना नजर आडव्या रेषेशी करते तो) घ्यायचे. साहित्य: कंपासपेटीतला कोनमापक, त्याच्या सरळ कडेला चिकटवलेली स्ट्रॉ, मध्यबिंदूतून सोडलेला दोरा आणि खाली जड नट. हलका नट वाऱ्याने झुलत राहतो. दोरा ५३° वर थांबला तर उन्नत कोन ९० − ५३ = ३७°. ही वजाबाकी हमखास विसरली जाते.

जवळचा कोन ४५° असेल आणि ब मीटर मागे जाऊन थ हा कोन मिळाला, तर उंची = ब × टॅन थ ÷ (१ − टॅन थ). त्यात डोळ्यांची उंची, साधारण दीड मीटर, मिळवायची. आता खरी गंमत. २० मीटर मागे जाऊन ३७° आला तर (डोळ्यांची उंची न मिळवता) उंची ६१.२ मीटर, तोच ३८° वाचला तर थेट ७१.४! छेदातली वजाबाकी लहान असल्याने एका अंशाची चूक फुगते. ६० मीटर मागे गेल्यावर २७° ला ६२.३ आणि २८° ला ६८.१. लांब जाणं फायद्याचं, पण मेट्रोचे खांब मध्ये येतात. दोन्ही जागा एकाच पातळीवर हव्यात. चढावर हे सूत्र लागू नाही. उंची ऋण आली तर कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोनाचं दुसरं एकक) आहे का, ते आधी बघा.

संभाव्यतेला नुकती सुरुवात आहे. फासा चारदा टाकून निदान एकदा सहा पडण्याची संभाव्यता ४/६ नव्हे. त्या हिशोबाने सात वेळा टाकल्यास ती १ च्या वर जाईल. एकदाही सहा न पडण्याची काढून १ मधून वजा करा: १ − (५/६)⁴, म्हणजे सुमारे ०.५१८. पुढे सशर्त संभाव्यता (एक गोष्ट घडली हे माहीत असताना दुसरीची) घेतोय. त्याआधी दोन फाशांचा ३६ घरांचा तक्ता हाताने काढून ठेवा. बेरीज ७ सहा घरांत येते, २ एकाच घरात; दोन ते बारा या ११ बेरजा समसंभाव्य धरल्या की पुढचं सगळं चुकतं.