गाडीचा आवाज 'नॉर्मल' नव्हता आणि कंपनीला ते माहीत होतं

नवी गाडी घेऊन जेमतेम सात महिने झाले होते. जानेवारीत इकडे न्यू जर्सीत कडाक्याची थंडी पडली आणि एका सकाळी स्टार्ट केल्यावर इंजिनातून खर्रर्र असा आवाज आला, पत्र्याच्या डब्यात खिळे घालून कोणी हलवतंय असा. दीड-दोन सेकंद, बास. मग गाडी एकदम शांत. दुसऱ्या दिवशी परत तेच. ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी स्टार्ट केली तर आवाज नाही, दुकानातून येऊन स्टार्ट केली तरी नाही, फक्त रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिल्यांदा.

डीलरकडे गेले. वीस मिनिटं चालवत गेले म्हणजे इंजिन चांगलं तापलेलं, त्यामुळे तिथे आवाज येणारच नव्हता हे मला तेव्हा सुचलं नाही. सर्व्हिस ॲडव्हायझरने दोनदा स्टार्ट केली आणि म्हणाला मला तर काही ऐकू येत नाहीये. कागदावर लिहून दिलं 'आवाज आढळला नाही'. तीन आठवड्यांनी परत गेले तर दुसरा माणूस होता, तो म्हणाला मॅडम या इंजिनाचं असंच असतं, नॉर्मल आहे. घरी नवरा म्हणाला सोड ना, चालतेय ना गाडी. पण मला सुटत नव्हतं. पाच वर्षांचे हप्ते चालू आहेत, लेकीला रोज त्याच गाडीतून डेकेअरला सोडते, आणि लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज नॉर्मल कसा असेल?

ऑफिसात एक काका आहेत, मूळचे सांगलीचे, पंचवीस-तीस वर्षं इकडे आहेत आणि गाड्यांची कामं अजून गराजमधे स्वतः करतात. त्यांना डबा खाता खाता सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, "बुलेटिन बघितलंस का?"

मला हा प्रकारच माहीत नव्हता, आणि नंतर ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेकांना पण माहीत नव्हता, म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतेय.

कंपनीकडे एकाच मॉडेलच्या सारख्याच तक्रारी बऱ्याच डीलरकडून यायला लागल्या की त्यांचे इंजिनियर कारण शोधतात आणि मग सगळ्या डीलरना एक पत्रक जातं, त्याला टेक्निकल सर्व्हिस बुलेटिन म्हणतात, थोडक्यात टीएसबी. कुठल्या वर्षाची कुठली मॉडेल, कुठल्या व्हीआयएन (गाडीचा चासी नंबर) पासून कुठल्या व्हीआयएन पर्यंत, लक्षण काय, कारण काय, कुठला पार्ट बदलायचा, जुना नंबर काय नवा नंबर काय, किती तासांचं काम धरायचं आणि वॉरंटीत क्लेम कुठल्या कोडखाली टाकायचा, सगळं त्यात असतं. हे रिकॉल नाही. रिकॉल म्हणजे सुरक्षिततेचा दोष असतो, तेव्हा कंपनीला मालकांना पत्र पाठवावंच लागतं आणि काम फुकट करून द्यावं लागतं, मग तुम्ही तक्रार केलेली असो वा नसो. बुलेटिनचं पत्र तुमच्या घरी सहसा येत नाही. ते डीलरच्या कॉम्प्युटरमधे असतं, आणि तुम्ही तक्रार घेऊन गेलात, त्यांना ते लक्षण दिसलं आणि गाडी वॉरंटीत असली तरच काम फुकट होतं.

आता महत्त्वाचं म्हणजे अमेरिकेत हे पत्रक आपल्याला वाचता येतं. इथे वाहन सुरक्षेची जी केंद्रीय संस्था आहे, एनएचटीएसए, तिच्याकडे कंपन्यांना डीलरना पाठवलेल्या अशा प्रत्येक पत्रकाची प्रत द्यावी लागते, ज्या महिन्यात काढलं तो महिना संपल्यावर पाच कामाच्या दिवसांच्या आत. आणि २०१२ च्या कायद्याने ती लोकांसाठी खुली ठेवणं पण आलं. त्यांच्या साइटवर गाडीचं वर्ष, कंपनी, मॉडेल टाकलं की रिकॉल दिसतात, लोकांच्या तक्रारी दिसतात, आणि शेजारी 'मॅन्युफॅक्चरर कम्युनिकेशन्स' असा एक टॅब असतो. रिकॉल नाही म्हटल्यावर बहुतेक लोक तिथेच थांबतात, मीही आधी तेवढंच बघून बंद केलं होतं, पण खरा माल त्या टॅबमधे आहे. माझ्या गाडीच्या नावावर शंभराच्या वर नोंदी होत्या. बऱ्याचशा निरुपयोगी, रेडिओचं सॉफ्टवेअर, ॲपची माहिती, असलं काहीतरी. लेकीला झोपवून रात्री साडेदहाला बसले आणि एकेक उघडत गेले. आपण म्हणतो खरखर, खडखड, पण त्यांची भाषा वेगळी, 'कोल्ड स्टार्ट', 'रॅटल', असे शब्द शोधावे लागतात.

सापडलं. पावणेबाराला सापडलं. सात पानांची पीडीएफ आणि पहिल्याच पानावर लिहिलेलं की गाडी रात्रभर उभी राहिल्यावर थंड इंजिन स्टार्ट करताना साधारण दोन सेकंद खरखर आवाज. माझंच वाक्य जसं काही. कारण असं की व्हॉल्व्हचं टायमिंग मागे-पुढे करणारा एक भाग असतो, तो इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो, गाडी बंद झाली की त्यातली एक पिन खाचेत बसून त्याला लॉक करते. आमच्या बॅचमधे ती पिन नीट बसत नव्हती, त्यामुळे ऑइलचा दाब यायच्या आधीचे दोन सेकंद तो भाग मोकळा आपटायचा. उपाय, सुधारलेला पार्ट बसवा. तारीख बघितली तर मी पहिल्यांदा डीलरकडे गेले त्याच्या चार महिने आधीची. म्हणजे मला 'नॉर्मल आहे' सांगितलं तेव्हा त्याच डीलरच्या सिस्टिममधे हे पडलेलं होतं. राग आला. अजूनही येतो.

काकांनी दुसऱ्या दिवशी समजावलं की बरेचदा ते मुद्दाम लपवत नाहीत. इकडे टेक्निशियनला बहुतेक ठिकाणी फ्लॅट रेटवर पैसे मिळतात, म्हणजे या कामाला दीड तास ठरलाय तर दीडच तासाचे मिळणार, तुम्हाला चार तास का लागेनात. न सापडणारा आवाज शोधत बसायला त्याला कोणी नीट पैसे देत नाही. मग तो दहा मिनिटं बघतो आणि गाडी परत करतो. पण तुम्ही बुलेटिनचा नंबर दिलात की निदान तयार, पार्ट नंबर तयार, क्लेमचा कोड तयार, त्याचं शोधायचं काम संपलं. म्हणून नंबर घेऊन जा, भांडू नकोस, आणि हा पार्ट बदलाच असं पण म्हणू नकोस, लक्षण सांग आणि म्हण की हे बुलेटिन माझ्या व्हीआयएनला लागू आहे का ते बघा.

मी तसंच केलं. चार सकाळी फोनवर व्हिडिओ काढले, त्यात आधी ओडोमीटर आणि बाहेरचं तापमान दिसेल असं धरलं आणि मग स्टार्ट केली. बुलेटिनची प्रिंट काढली. गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन दिली आणि सांगितलं की रात्री बाहेरच ठेवा, सकाळी मी आल्याशिवाय कोणी स्टार्ट करू नका, आणि हे वाक्य रिपेअर ऑर्डरवर (डीलर आपली तक्रार आणि केलेलं काम लिहितो तो कागद) लिहून घेतलं. सकाळी साडेसातला शॉप फोरमन स्वतः आला (ॲडव्हायझरशी बोलत बसण्यापेक्षा फोरमनला बोलवा म्हणावं, त्याला गाडी कळते), त्याने बटण दाबलं, खर्रर्र झालं, आणि तो लगेच म्हणाला हां, हे ते आहे. एवढंच. तीन महिने मी जे सांगत होते ते त्याला दोन सेकंदांत पटलं. पार्ट यायला आठ दिवस लागले, काम एका दिवसात झालं, मला तेवढ्यापुरती वापरायला लोनर गाडी मिळाली, पैसे शून्य.

काही गोष्टी मात्र ध्यानात ठेवायच्या. बुलेटिनच्या सुधारित आवृत्त्या निघत राहतात, जुन्यातला पार्ट पण कधी कधी परत बदललेला असतो, त्यामुळे सगळ्यात नवी आवृत्ती बघा. वॉरंटी संपल्यावर बुलेटिन असलं तरी काम फुकट मिळायचा हक्क राहत नाही, कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून गुडविल, म्हणजे हक्क नसताना कंपनीने आपणहून दिलेली मदत, मागता येतं आणि तिथे वॉरंटीत असताना केलेल्या तक्रारींचे कागद फार उपयोगी पडतात. म्हणून 'आवाज आढळला नाही' असं लिहिलेला कागद पण फेकू नका. न्यू जर्सीच्या लेमन लॉमधे (दुरुस्त न होणाऱ्या नव्या गाडीच्या मालकांसाठीचा कायदा) पहिली २ वर्षं किंवा २४,००० मैल, जे आधी होईल ते, या काळात त्याच दोषासाठी तीनदा नेऊन पण दुरुस्त झालं नाही किंवा एकूण २० दिवस गाडी त्यांच्याकडे पडून राहिली तर पुढची पायरी उघडते, मग कंपनीला सर्टिफाइड मेलने पत्र टाकून एक शेवटची संधी द्यायची. हे सगळं मोजलं जातं रिपेअर ऑर्डरवरच्या तारखा आणि मैल बघून. तोंडी सांगितलेलं कुठेच धरत नाहीत. प्रत्येक राज्याचे आकडे वेगळे आहेत, आपापले बघून घ्या.

आणि बुलेटिन हा काही दरवेळी चांगलाच उपाय असतो असं नाही, ही गोष्ट मला वाचताना फार लागली. जनरल मोटर्सने डिसेंबर २००५ मधे शेवरले कोबाल्ट वगैरे गाड्यांसाठी डीलरना एक बुलेटिन पाठवलं होतं. इग्निशनची किल्ली फिरायला इतकी हलकी होती की चालत्या गाडीत गुडघा लागला किंवा किल्लीला जड जुडगा असला की ती आपोआप फिरून इंजिन बंद पडायचं. बुलेटिनमधला सल्ला असा की गिऱ्हाइकाला सांगा जुडग्यातल्या जास्तीच्या वस्तू काढून टाका, आणि जे तक्रार करतील त्यांच्या किल्लीच्या लांब खाचेत एक छोटा तुकडा बसवून द्या, म्हणजे रिंग इकडून तिकडे सरकणार नाही. तो तुकडा पाचशेच्या आतच लोकांना मिळाला. इंजिन बंद म्हणजे पॉवर स्टीअरिंग गेलं आणि अपघात झाला तर एअरबॅग उघडत नाही. रिकॉल सुरू झालं फेब्रुवारी २०१४ मधे, वाढत वाढत जगभरात सुमारे २६ लाख गाड्या, आणि कंपनीच्या भरपाई निधीने शेवटी १२४ मृत्यू मान्य केले. आठ वर्षं ते डीलरकडे एक पत्रक म्हणून पडून होतं. म्हणून ज्या दोषाने जिवाला धोका आहे, चालता चालता बंद पडणं, ब्रेक, स्टीअरिंग, तिथे नुसतं बुलेटिन दाखवून काम करून घेऊन थांबू नका, एनएचटीएसएच्या साइटवर तक्रार पण नोंदवा. पाच-दहा मिनिटं लागतात आणि त्या तक्रारी वाचून ते चौकशी सुरू करू शकतात.

हे सगळं मी नाशिकला धाकट्या भावाला फोनवर सांगत होते तर तो म्हणाला, ताई, आमच्याकडे असं काही उघडता येतं का? त्याची गाडी दहा महिन्यांची, सकाळी गिअर टाकताना झटका मारते आणि सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात चालवून चालवून सेट होईल. भारतात ही पत्रकं गिऱ्हाइकाला अशी बघायला मिळत नाहीत. मोटार वाहन कायद्यात रिकॉलचं कलम आलंय, ११०अ, ते १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे, सात वर्षांच्या आतल्या गाडीची तक्रार सरकारच्या वाहन पोर्टलवर नोंदवता येते आणि ठरलेल्या संख्येने तक्रारी जमल्या की सरकार पुढची कारवाई करू शकतं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच. इकडचं बुलेटिन तिकडच्या गाडीला चालेल असं नाही, इंजिन-गिअरबॉक्स, बॅच सगळं वेगळं असू शकतं, पण तेच गिअरबॉक्स असेल तर निदान लक्षणाला नेमकं काय म्हणायचं ते तरी कळतं.

त्याला मी एवढंच सांगितलं की जॉबकार्डवर 'जनरल चेकअप' असं लिहू देऊ नकोस, तू म्हणतोस तेच वाक्य लिही म्हणावं, किलोमीटर आणि तारीख घाल, कॉपी घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नकोस, आणि असं विचार की या तक्रारीवर कंपनीकडून काही सर्क्युलर किंवा सर्व्हिस कॅम्पेन आलंय का ते माझा चासी नंबर टाकून बघा. काल रात्री त्याने जॉबकार्डचा फोटो पाठवला. पहिल्याच ओळीत लिहिलंय, सकाळी पहिल्या स्टार्टनंतर पहिला गिअर टाकताना झटका. गाडी रात्री तिथेच ठेवलीये, सकाळी नऊला तो स्वतः जाणार आहे.