कुलाबा किल्ला, पौर्णिमा आणि आमचे वाया गेलेले चार तास

डिसेंबरात दोन दिवस अलिबागला जाऊन आलो, मी, आई आणि माझी भाची. गेटवेवरून बोटीने तासाभरात मांडवा, पुढे बस, सगळं मस्त. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. चीड आहे ती किल्ल्याची, म्हणजे किल्ल्याची नाही, लॉजच्या मॅनेजरची. कुलाबा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात आहे, ओहोटीला चालत जाता येतं. फोनवर तीनदा विचारलं होतं की किल्ल्यात चालत कधी जाता येतं, तर तिन्ही वेळा एकच उत्तर, "दुपारी या ना मॅडम, ओहोटी दुपारीच असते."

शनिवारी बाराला बीचवर पोचलो तर समोर किल्ला आणि मध्ये नुसतं पाणीच पाणी. बोट होती, पण सकाळच्या लाटांनी आईचं पोट इतकं ढवळलेलं की ती म्हणाली, आता परत बोटीत मी चढणार नाही, तुम्ही दोघी जा. तिला एकटीला सोडून कसं जाणार? म्हटलं थांबू, उतरेल तासाभरात. एक वाजला, दोन वाजले, शहाळी झाली, भेळ झाली, भाचीचे वाळूचे तीन किल्ले झाले. मध्येच मी चुंबकीय वेधशाळेच्या कुंपणापर्यंत चक्कर मारून आले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्याने तिथलं चुंबकीय मोजमाप बिघडणार म्हणून १९०४ ला ही इथे सुरू केली. पृथ्वीचं चुंबकत्व मोजणाऱ्या गावात भरतीची वेळ सांगायला एक माणूस मिळू नये!

शेवटी सुकी मासळी विकणाऱ्या एका मावशींना विचारलं. त्या हसल्याच. "अगो, आज पुनव ना? मग बाराला भरतीच असनार." मग त्यांनी हिशोब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची की साधारण भरतीची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, थोडं मागेपुढे धरायचं, आणि ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. रोज पाऊण तासाने पुढे सरकतं. आणि दत्तजयंतीची पौर्णिमा आहे, जवळच्या चौलला जत्रा आहे, म्हणून रूमला जास्त पैसे मोजलेले मीच! तिथी माहीत होती, डोकं चालवलं नाही. चारच्या पुढे घोडागाड्या पाण्यातून जायला लागल्या, पण आई दमलेली, उजेड उतरत चाललेला. गेलो परत.

रविवारी साडेसहाला स्वेटर घालून हजर. पाणी कुठच्या कुठे गेलेलं. चपला नकोत, पट्ट्याचे सँडल घाला, दगडांवर शेवाळ असतं, मी एकदा बसलेच. आत १७५९ चं सिद्धिविनायकाचं देऊळ, राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असून गोड्या पाण्याची विहीर. चाकांवरच्या दोन तोफांपाशी भाची हलेचना, मी सारखी घड्याळ बघत तिला ओढतेय, कारण नऊनंतर परत पाणी चढणार. हे लक्षात ठेवा, जायच्या वेळेइतकीच यायची वेळ महत्त्वाची. आणि ओहोटी दुपारी हवी तर अष्टमीच्या आसपासचा वीकेंड धरा (आठाची पाऊणपट सहा, म्हणजे ओहोटी बाराला), फक्त तेव्हा पाणी पौर्णिमेइतकं उतरत नाही.

चेकआउटला मॅनेजरने विचारलं, "काय, किल्ला झाला का?"

आई म्हणाली, "झाला हो. तुमची ओहोटी असते दुपारीच, पण अष्टमीला."