सेक्स्टंटची वही: ध्रुवताऱ्यावरून अक्षांश

या सफरीत बाकी काही न करता फक्त ध्रुवताऱ्याचा सराव करायचा, असं ठरवलं होतं. तेवढंच केलं आणि बऱ्यापैकी जमलं. आमच्या छोट्या शिडाच्या बोटीच्या हलत्या डेकवरून काढलेला अक्षांश आता जीपीएसच्या आकड्यापासून दोन-तीन सागरी मैलांत बसतो. समुद्र उसळलेला असला की फरक वाढतो. ते मी फारसं मनावर घेत नाही.

ध्रुवाची अडचण म्हणजे तो तसा मंदच. क्षितिजाची रेघ स्पष्ट असते तेव्हा तारा दिसत नाही, तारा ठसठशीत झाला की रेघ अंधारात जाते. मधली थोडी मिनिटं आपली. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची अंशांत मोजली की ती जवळजवळ आपला अक्षांशच असते. म्हणून हल्ली मी अंदाजे अक्षांश आधीच सेक्स्टंटवर, म्हणजे ही उंची मोजायच्या उपकरणावर, लावते, होकायंत्रावर उत्तर धरते आणि दुर्बिणीतून क्षितिजालगत शोधत जाते. नुसत्या डोळ्यांना दिसायच्या आधीच तारा सापडतो. मग सेक्स्टंट हलकेच डावी-उजवीकडे झुलवायचा. तारा कमानीत फिरतो, कमानीच्या तळाशी तो रेघेला टेकला की मी "आता!" म्हणते आणि मुलगा वेळ टिपतो.

पुढचं काम कागदावर. उपकरणाची मूळ चूक, वातावरणातलं अपवर्तन, डोळ्याची उंची (दोन मीटरवरून बघितलं तर सुमारे अडीच कला वजा; कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). एक कला म्हणजे अक्षांशात एक सागरी मैल, १८५२ मीटर, त्यामुळे इथे कंटाळा करून चालत नाही. सगळ्यात मोठी दुरुस्ती खुद्द ध्रुवाचीच. तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून (पृथ्वीचा अक्ष आकाशात जिथे रोखलेला आहे तिथून) सुमारे ०.६ अंश दूर राहून त्याच्याभोवती फिरतो. ती सोडली तर उत्तर चाळीसेक मैलांपर्यंत चुकू शकतं.

"आई, जीपीएस असताना ही वही कुणासाठी?" मुलाने एका पहाऱ्यावर विचारलं. अमेरिकेच्या नौदल अकादमीने बंद केलेला, ताऱ्यांवरून जागा काढण्याचा हा विषय २०१५ साली परत शिकवायला घेतला, हे मी ऐकवलं. पण खरं उत्तर, नातीसाठी. ती आत्ता चार वर्षांची आहे आणि तिला बोटीत फक्त हॅच, म्हणजे डेकवरचं झाकण, उघडायला-मिटायला आवडतं.

तिचा विचार करताना वहीच बदलावी लागली. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी घेतो, त्यामुळे वडिलांच्या मांडीवरून उठवलेल्या पोराचं अढळपदही सरकतंच. २१०० च्या आसपास ध्रुवतारा ध्रुवबिंदूच्या सर्वांत जवळ येईल, अर्ध्या अंशाहूनही कमी अंतरावर. तेव्हा नात ऐंशीच्या घरात असेल. मी मन लावून उतरवलेले दुरुस्तीचे तक्ते तिच्या काय कामाचे? ते मी मागे ढकलले, डोक्यावर साल घातलं. पुढची पानं आता पद्धतीला दिली आहेत: रेघ कशी ओळखायची, झुलवताना कोपर कुठे टेकवायचं, ढग असतील तर किती वेळ वाट बघायची. मुलाने वाचून "कोपराचं मला कधी सांगितलंच नाहीस" म्हणून कुरकुर केली.

पुढच्या टप्प्यात सेक्स्टंट त्याच्याकडे, घड्याळ माझ्याकडे. इतर तारे घेणार आहोत, आणि तिथे वेळेत चार सेकंद चुकले की रेखांश एका कलेने सरकतो. माझ्या घड्याळावर त्याचा भरवसा नाही. तो मोबाईलवर रेकॉर्डिंगही चालू ठेवणार आहे म्हणे.