स्केलिग मायकल: तिकिटावर ‘लँडिंग’ लिहिलंय का, ते आधी बघा

स्केलिग मायकल हे आयर्लंडच्या नैऋत्य किनाऱ्याजवळचं खडकाळ बेट. पहिल्या दिवशी आम्ही बेटाला नुसती प्रदक्षिणा घालून परत आलो. तिकीट ‘इको टूर’चं होतं. ही बोट बेटाला लागतच नाही, हे पोर्टमगी या किनाऱ्यावरच्या गावाच्या धक्क्यावर विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. तिकिटावर ‘लँडिंग’ शब्द नसेल तर खिशात हात घालू नका. लँडिंग मे मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच, तेही दिवसाला जेमतेम 180 जणांना. आम्हाला दुसऱ्या दिवशी कुणीतरी रद्द केलेल्या जागा मिळाल्या, दुपटीहून जास्त पैसे मोजून. आधीचे पैसे बुडीत खाती.

तासभर बोट आपटत राहते. पोट रिकामं ठेवा.

वर ख्रिस्ती साधूंचा जुना मठ आहे. सहाव्या शतकात संत फिओनानने तो स्थापला, अशी परंपरा. लेखी उल्लेख मात्र आठव्या शतकाच्या अखेरीचा. सहा दगडी झोपड्या, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या, चुना-मातीशिवाय रचलेल्या. बाहेरून गोल, आत चौकोनी. वाकून आत शिरलो तेव्हा बाहेर भुरभुर चालू होती आणि आतली जमीन कोरडी होती. हजारेक वर्षांनंतरही! आमच्या सोसायटीची गच्ची तीन पावसाळ्यांत गळते. साधू पावसाचं पाणी टाक्यांत साठवून जगायचे. 824 मध्ये व्हायकिंगांनी इथला प्रमुख एटगल याला पळवून नेलं. तो त्यांच्या कैदेत उपासमारीने मेला. तरी मठ टिकला. पुढे बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास साधूंनी किनाऱ्यावर बॅलिनस्केलिग्सला मुक्काम हलवला. मला त्यांचा निर्णय पटला, कारण मला अजून उतरायचं होतं.

618 पायऱ्या. चढताना काहीच वाटत नाही. उतरताना समोर थेट समुद्र, पायऱ्या वाकड्यातिकड्या, ओल्या, आणि बहुतेक ठिकाणी धरायला काही नाही. हरिहर गडाला निदान हात घालायला खोबणी आहेत. 2009 मध्ये इथे दोन पर्यटक पडून दगावले, ही गोष्ट मी वर चढून गेल्यावर ऐकली. मधला एक टप्पा मी सरळ बसून, घसरत उतरलो. लाज वाटली नाही. गुडघे कुरकुरत असतील तर तुमच्यासाठी इको टूरच बरी. पाऊस असेल तर कुणीच जाऊ नये.

बेटावर संडास नाही, पाणी नाही, चहा तर सोडाच. वेळ अडीच तास, त्यातला निम्मा उतरण्यासाठी राखून ठेवा. परतीच्या बोटीत पोचलो तेव्हा पोटऱ्या थरथरत होत्या आणि पाण्याची बाटली मी झोपडीतच विसरलो होतो.